दोन डोळ्यांचा पहारा

गेल्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर मिशनच्या सभागृहात चित्रपट दाखविण्याचे ठरविले. हिंगोली जिल्ह्यात आपली कॅथलिक कुटुंबे मोजकी, आणि तीही गावोगाव विखुरलेली. कोणी वसमतकडून येतो, कोणी औंढ्याकडून, कोणी कळमनुरीच्या पलीकडून. एकदा मंडळी जमली की उपासना, मुलांचा धर्मवर्ग, जेवण, सभा असे सारे एकाच दिवशी उरकावे लागते. त्या दिवशी जेवणानंतर खिडक्यांना चादरी लावून अंधार करण्यात आला आणि पांढऱ्या भिंतीवर चित्रपट सुरू झाला. शेवटी 'दोन शब्द' सांगण्याचे काम, आम्ही निवृत्त शिक्षक म्हणून, नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले.

चित्रपट होता 'द शॉशँक रिडेम्प्शन'. १९९४ साली आलेला हा अमेरिकन चित्रपट आता जगभर सर्वपरिचित झाला आहे. अँडी नावाच्या बँक अधिकाऱ्यावर पत्नीच्या खुनाचा आळ येतो. तो निर्दोष असतो. तरीही त्याला जन्मठेप होते. जवळजवळ दोन दशके तो तुरुंगात काढतो आणि एका वादळी रात्री तेथून निसटतो. पळून जाण्याची ही कथा पाहताना आमची मुले श्वास रोखून बसली होती. अँडी बाहेर पडला तेव्हा टाळ्याही झाल्या.

आम्ही उठून उभे राहिलो आणि चित्रपटातील प्रतीके उलगडून दाखवू लागलो. शिक्षकाची ही सवय काही केल्या जात नाही. ज्या हातोडीने अँडी भिंत पोखरतो ती त्याने कोठे लपविलेली असते? बायबलमध्ये! पाने कोरून त्याने हातोडीच्या आकाराची पोकळी केलेली असते, आणि ती पोकळी जेथे सुरू होते तेथे 'निर्गम' हे पुस्तक आहे. इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढल्याची कथा सांगणारे ते पुस्तक. तुरुंगाचा अधिकारी मोठा बायबलभक्त. येणाऱ्या प्रत्येक कैद्याच्या हाती तो पवित्र शास्त्र देतो, वचने तोंडपाठ म्हणतो. पण पैसे खातो आणि आपले पाप झाकण्यासाठी एका तरुणाला ठार करवितो. कोठडीच्या झडतीत अँडीचे बायबल त्याच्या हातात येते, आणि न उघडताच तो ते परत देतो. शास्त्र हातात होते. उघडून पाहिले नाही.

मग तो पळण्याचा मार्ग. सांडपाण्याच्या नळातून, घाणीतून सरपटत अँडी ओढ्यात येऊन पडतो, वरून पाऊस कोसळत असतो, आणि तो दोन्ही हात पसरून आकाशाकडे पाहत उभा राहतो. "हे कशासारखे वाटते?" असे आम्ही विचारले, तेव्हा धर्मवर्गातील एका लहान मुलीने चटकन सांगितले, "बाप्तिस्म्यासारखे." आम्हांला समाधान वाटले. प्रवचन रंगू लागले होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. परिचारिकेचे शिक्षण घेणारी ही मुलगी सुटीत गावी आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, अँडी निर्दोष होता, म्हणून त्याचं पळणं आपल्याला गोड वाटलं. पण रेडनं तर खरोखरच खून केला होता. त्याच्या स्वातंत्र्याचं काय?"

प्रश्न साधा होता. आम्ही काहीतरी उत्तर दिले; देवाची दया अपार आहे, पश्चात्ताप मोठा आहे, वगैरे. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नाही हे आम्हांला दिसत होते, आणि का झाले नाही हेही कळत होते. त्या प्रश्नाबरोबर आमच्या डोळ्यांसमोर चित्रपटातला रेड उभा राहिला नव्हता. दुसराच एक मनुष्य उभा राहिला होता. त्याच्याविषयी पुढे लिहू. आधी त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू या.

निर्दोष माणसाचे स्वातंत्र्य ही समजण्यास सोपी गोष्ट आहे. भिंत खोटी होती, ती ओलांडली, संपले. दोषी माणसाचे तसे नाही. त्याची भिंत खरी असते. तिचा काही भाग त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेला असतो, आणि शिक्षा संपून फाटक उघडले तरी तो भाग त्याच्याबरोबर बाहेर येतो. चित्रपटात ब्रूक्स नावाचा म्हातारा कैदी आहे. पन्नास वर्षे आत काढून तो सुटतो. सुटण्याआधी आपल्या पाळलेल्या कावळ्याला तो खिडकीतून सोडून देतो. कावळा उडून जातो. ब्रूक्सला मात्र उडता येत नाही. रस्त्यावरच्या मोटारी, दुकानातली घाई, रात्रीची एकटी खोली यांना भिऊन तो गळफास घेतो. रेडही चाळीस वर्षांनी सुटतो आणि दुकानात नोकरी करू लागतो, तेव्हा लघवीला जाण्यासाठीसुद्धा मालकाची परवानगी मागतो. परवानगीवाचून त्याचे शरीरच चालत नाही.

आपल्या भाषेत 'सुटका', 'मुक्ती' आणि 'स्वातंत्र्य' असे तीन शब्द आहेत, आणि आपण ते बरेचदा एकमेकांच्या जागी वापरतो. मराठवाड्याच्या माणसाला मात्र त्यांतला फरक अनुभवाने ठाऊक असायला हवा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश स्वतंत्र झाला, तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यातच होतो. आमचा दिवस उजाडला १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि त्याला आम्ही आजही 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणतो. आमचे आजोबा सांगत, की राज्य एका दिवसात गेले. पण अंमलदार दारात आला की अंगावरचे उपरणे काढून उभे राहण्याची सवय जायला पुढची वीस वर्षे लागली. सुटका तारखेने होते. स्वातंत्र्याला तारीख पुरत नाही. 'स्व-तंत्र' म्हणजे स्वतःच्या तंत्राने चालणारा. बाहेरचे तंत्र सुटले आणि आतले उभे राहिले नाही, तर माणसाचा ब्रूक्स होतो.

हे आतले तंत्र उभे कसे करावे, या प्रश्नाचा एक विलक्षण प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झालेला आहे. आमच्या औंढा नागनाथाशी नामसाधर्म्य असलेले औंध नावाचे एक लहानसे संस्थान साताऱ्याकडे होते. त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती राज्यकारभार दिला. त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमधून आलेले ज्यू अभियंता आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ एक वसाहत उभी राहिली. संस्थानच्या तुरुंगातील गंभीर गुन्ह्यांचे कैदी तेथे आणण्यात आले. भिंत नाही, कुंपण नाही. कैद्यांनी शेती करावी आणि बायकामुलांसह राहावे, अशी ती कल्पना होती. मुलूख माणदेशातला, पावसाला पारखा. वसाहतीचे नाव ठेवण्यात आले 'स्वतंत्रपूर'. तुरुंगाला स्वातंत्र्याचे नाव देण्याचे धाडस जगात फार थोड्यांनी केले असेल. संस्थान विलीन झाले. स्वतंत्रपूर पुढेही सांगली जिल्ह्यात खुली वसाहत म्हणून टिकले.

याच प्रयोगाच्या प्रेरणेतून व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली निर्माण झाला. कथा ग. दि. माडगूळकरांची, गदिमा मूळचे आटपाडीच्याच परिसरातले. संगीत वसंत देसाई यांचे. त्यातील भरत व्यासांनी लिहिलेली आणि लताबाईंनी गायलेली प्रार्थना आमच्या शाळेत वर्षानुवर्षे परिपाठाला म्हटली जात असे. ती मूळची एका तुरुंगाच्या चित्रपटातली आहे, हे म्हणणाऱ्या मुलांना ठाऊक नसे. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि त्याबरोबरच आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संस्थेचा पुरस्कारही मिळाला. एका हिंदू दिग्दर्शकाने, गांधीविचाराच्या छायेत, एका ज्यू अभियंत्याच्या प्रयोगावर केलेल्या चित्रपटात कॅथलिक परीक्षकांना शुभवर्तमान दिसले.

त्यांना काय दिसले असेल? आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर काढतो आणि एका ओसाड माळावर घेऊन जातो. बारा हात सहा कैद्यांचे. याच हातांनी रक्त सांडले आहे आणि याच हातांनी आता दगड वेचायचे, बी पेरायचे, भाजी काढायची. दोन डोळे आदिनाथाचे. सारा चित्रपट या दोन प्रतीकांवर उभा आहे. बेड्या नाहीत, बंदूक नाही. पहारा काय तो दोन डोळ्यांचा. कैद्यांच्या मनात पळून जाण्याची ओढ उठते, वाट मोकळी असते, आणि नेमके तेव्हा ते डोळे त्यांच्यापुढे उभे राहतात. पळणाऱ्याचे पाय अडतात.

वरवर पाहता हा शॉशँकच्या अगदी उलट चित्रपट वाटतो. तेथे भिंत आहे आणि माणूस निसटतो. येथे भिंत नाही आणि माणसे थांबतात. पण स्वातंत्र्याचा विचार केला तर दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. बाजारात ही माणसे स्वस्त दराने भाजी विकू लागतात, तेव्हा तेथील व्यापाऱ्याची गुंडमंडळी त्यांना बेदम मारतात. ज्यांनी एकेकाळी माणसे मारली ते हात आता वर उठत नाहीत. का उठत नाहीत? भीतीने नव्हे. कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकला आहे, त्याला तडा जाऊ नये म्हणून. शेवटी शेतात घुसविलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ मरण पावतो. त्या झुंजीच्या चित्रीकरणात खुद्द शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती आणि दृष्टी जाते की काय अशी भीती निर्माण झाली होती. डोळ्यांवरचा चित्रपट करणाऱ्याने त्यासाठी आपले डोळे पणाला लावले, असेच म्हणावे लागेल.

डोळ्यांचे हे प्रतीक आपल्या श्रद्धेला नवे नाही. लूककृत शुभवर्तमानातील त्या रात्रीचा प्रसंग आठवावा. प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात पेत्र तिसऱ्यांदा आपल्या गुरूला नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि प्रभू मागे वळून पेत्राकडे पाहतो. एक शब्दही नाही; नुसती दृष्टी. पेत्र बाहेर जाऊन ढसढसा रडतो. आम्हांला वाटते, की त्या दृष्टीत राग असता तर पेत्र पळून गेला असता, आणि कायमचा गेला असता. यहूदा तसा गेला. पेत्र परत आला, कारण आपल्याला पाहिले गेले तरी टाकले गेले नाही, हे त्याला कळले.

आमच्या या मुलखात अशीच एक कथा लहानथोरांच्या तोंडी आहे. कयाधूकाठच्या नरसीचे संत नामदेव औंढ्याच्या नागनाथापुढे कीर्तन करीत असता त्यांना देवळाच्या मागच्या बाजूस जाण्यास सांगण्यात आले, आणि ते मागे जाऊन गाऊ लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ती आख्यायिका. आम्ही ख्रिस्ती असलो तरी या मातीतले आहोत; ही कथा ऐकूनच वाढलो. मागे लोटलेल्या माणसाकडे देवाने तोंड वळवावे, हे त्या कथेचे मर्म पेत्राच्या प्रसंगाहून फार दूरचे नाही.

इतके सारे आम्हांला त्या रविवारीही ठाऊक होते. चित्रपट पाहिलेला होता, वचने पाठ होती. तरी त्या मुलीपुढे ते सांगताना जीभ अडखळली, त्याचे कारण आता लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मगुरूंनी पाडव्याच्या आधी एका मनुष्याला आमच्याकडे आणले. आमच्याच समाजातला, लहानपणी बाप्तिस्मा झालेला. बांधावरच्या भांडणात त्याच्या हातून एक जीव गेला होता. शिक्षा भोगून तो सुटला होता; शेवटची काही वर्षे पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीवर होता. गावात त्याला कोणी काम देईना. आम्हांला शेतीसाठी गडी हवाच होता. पाडव्यापासून साल ठरले आणि तो आमच्या आखाड्यावर राहू लागला. चार लोकांनी आमचे कौतुक केले. आम्हांलाही ते बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

कामाला तो वाघ होता. पण प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. "गुरुजी, ओढ्यावर जाऊन येऊ का?" "गुरुजी, भाकर खाऊन घेऊ का?" सुरुवातीला आम्हांला तो त्याचा विनय वाटला. चित्रपटातला रेड पाहिला तेव्हा कळले, की तो विनय नव्हता. आणि आम्ही काय करीत होतो? रोज संध्याकाळी आखाड्यावर जाऊन अवजारे मोजत होतो. कुदळी, टिकाव, फावडी, विळे, खुरपी. पूर्वी कधी मोजत नव्हतो. आधीच्या गड्याच्या काळात अवजारे कोठेही पडलेली असत. आता मोजून पेटीत ठेवायची आणि कुलूप लावायचे. मनाशी म्हणायचो, शेतीला शिस्त हवी.

माघ-फाल्गुनात हळदीची काढणी सुरू झाली. बायामाणसे बरीच, गडबड मोठी. एका संध्याकाळी एक कुदळ कमी भरली. आम्ही काही बोललो नाही. त्याच्यासमोर पुन्हा एकदा मोजली, मोठ्याने. तो हात धुवत उभा होता. शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आतबी सांज-सकाळ गिनती व्हायची. तिथं आमाला मोजायचे, इथं कुदळी मोजता. मला सवय हाय."

घरी आलो तेव्हा समजले, की ती कुदळ आमच्या घरच्यांनीच दुपारी शेजारच्या आखाड्यावर दिली होती. दुसऱ्या दिवशी ती परत आली. आम्ही ती पेटीत टाकली. त्याला काही बोललो नाही. काय बोलायचे ते सुचत नव्हते असे नाही. मालकाने गड्याची क्षमा मागावी, हे आम्हांला जड गेले.

पाडवा आला, साल संपले. आम्ही त्याला आणखी एक वर्ष राहण्याचा आग्रह केला, चार पैसे वाढवून देऊ केले. तो म्हणाला, "नको गुरुजी. तुमचं वाईट काही न्हाई. पर आता जातो." दुसऱ्या दिवशी आम्ही आखाड्यावर गेलो तेव्हा दारे उघडी होती आणि किल्ली खुंटीला टांगलेली होती. सगळी अवजारे माती धुऊन, पुसून, सारवलेल्या जमिनीवर ओळीने मांडून ठेवली होती. आम्ही उभ्या उभ्या ती मोजली. एकही कमी नव्हते. मोजून झाल्यावर लक्षात आले, की आपण आताही मोजलीच!

वाचकहो, आदिनाथाचेही दोन डोळे होते आणि आमचेही दोन डोळे होते. पहारा दोघांनीही केला. आदिनाथाच्या डोळ्यांपुढे सहा खुनी माणसे बनली; आमच्या डोळ्यांपुढे एक चांगला मनुष्य वर्षभर कैदी राहिला. स्वातंत्र्य म्हणजे आपल्याकडे कोणाचेही लक्ष नसणे, असे आपण समजतो. तसे असते तर ब्रूक्स सुखी झाला असता; त्या परक्या शहरात त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते. माणसाला पाहणारे डोळे हवेच असतात. प्रश्न एवढाच, की ते डोळे त्याला मोजतात की त्याच्यावर विसंबतात.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील तुरुंगाची कथा आहे. पौल आणि सीला बेड्यांत असताना मध्यरात्री भूमिकंप होतो, दारे उघडतात, सर्वांची बंधने सुटतात. तुरुंगाधिकारी जागा होतो, कैदी पळाले असे समजून स्वतःच्या जिवावर उठतो. आणि अंधारातून पौलाचा आवाज येतो, की थांब, आम्ही सगळे येथेच आहोत. आजवर आम्ही ही कथा पौलाच्या बाजूने वाचीत आलो. हल्ली ती त्या तुरुंगाधिकाऱ्याच्या बाजूने वाचावीशी वाटते. त्या रात्री पौल आधीपासून स्वतंत्रच होता. बेड्यांतही तो गात होता. सुटका झाली ती किल्ल्या कमरेला लावून हिंडणाऱ्याची. त्याने कैद्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेले, जेवू घातले, आणि आपल्या कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला.

चर्चच्या अलीकडच्या इतिहासातही अशी दोन दृश्ये आहेत. २७ डिसेंबर १९८३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोममधील रेबिबिया तुरुंगात गेले आणि आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २६ डिसेंबर २०२४ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच रेबिबियात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. पवित्र द्वार म्हणजे महामंदिराचे दार, अशी आपली समजूत. पोपमहोदयांनी ते तुरुंगाला दिले. त्या दारातून आत जाणाऱ्याने कैद्याकडे पाहावे आणि स्वतः मोकळे व्हावे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

त्या रविवारनंतर युवक मंडळाची बैठक झाली. पुढच्या वेळी 'दो आँखें बारह हाथ' दाखवावा असे आम्ही सुचविले आणि मुलांना ते आवडले. एक उत्साही मुलगा म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडं होते त्या काकांनाच बोलवू या. स्वतःचा अनुभव सांगतील." आम्ही नको म्हणालो. आयुष्यभर त्याची गिनती झाली आहे. आता त्याला आपल्या प्रवचनाचे उदाहरण म्हणून उभे करायला नको. त्याच्याकडे कोणाला जायचे असेल तर आम्हांलाच.

झावळ्यांच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही गेलो. कयाधूच्या पलीकडे एका गावी त्याने दीड एकर बटईने केली आहे. माहेरी गेलेली बायको परत आली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा शेतात हळद शिजत होती. मोठ्या कढईवर गोणपाट झाकलेले, वाफेचा तो उग्र वास, खाली चुलाणाचा जाळ. अवजारे बांधावर इकडेतिकडे पडली होती. आम्हांला पाहून त्याला नवल वाटले. त्याने घोंगडी अंथरली. वाटेत जुळविलेली सारी वाक्ये आम्ही विसरलो. एवढेच म्हणालो, "त्या दिवशी मोजायला नको होतं." तो थोडा वेळ जाळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "झालं ते झालं, गुरुजी. च्या घ्या."

चहा झाला. चुलाणातले सरपण संपत आले होते. तो उठला, कोयता घेतला आणि म्हणाला, "तुमी बसा. जाळ कमी होऊ देऊ नका. मी वढ्याकडून लाकडं घेऊन आलोच." त्याने विचारले नाही, सांगितले. वर्षभराची त्याची हळद आमच्या भरवशावर टाकून तो बाभळीआड दिसेनासा झाला. अर्धा तास लागला असेल त्याला. उन्हाची तिरीप तोंडावर येत होती, घर दूर होते, परतायला उशीर होत होता. पाठीमागे पाहायला तेथे कोणी नव्हते. तरी आम्ही त्या कढईसमोरून जागचे हललो नाही.